फॅक्सची खुर्ची

ऑफिसात तिला सगळे वहिनी म्हणत, कारण कंपनी तिच्या नणंदेची होती. नणंद सगळ्यांची ताई, मग ताईंच्या धाकट्या भावाची बायको सगळ्यांची वहिनी होणार हे ओघानेच आलं. सुरुवातीला तिला ते खटकायचं. आपण इथे कामाला आलोय की लग्नघरी, असं ती एकदा चिडून म्हणालीही होती. त्यावर भोंगा म्हणाला, "वहिनी, लग्नघरी एवढं काम कुठे असतं?" मग तिने तो नाद सोडला.

भोंगा म्हणजे गिऱ्हाइकांचे फोन घेणारा. त्याचा आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं.

कंपनी पाळणाघरांसाठी एक वेब ॲप चालवायची. पाळणाघराच्या भिंतीवर टॅब्लेट, त्यावर मुलांचे फोटो आणि प्रत्येक फोटोखाली बारीक चित्रं. कोण दुपारी झोपतं, कोणाला चष्मा आहे, कोणाला काय खायला द्यायचं नाही. शब्द नाहीत. शब्द वहिनीनेच काढायला लावले होते. पाळणाघरात चार भाषांच्या बायका कामाला असतात, एका हातात रडतं मूल आणि दुसऱ्या हातात ताट. त्यांनी बारीक अक्षरं वाचायची कधी? चित्र दिसलं की कळलं. ताईंना हे इतकं पटलं की पुढे त्या ते प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःचं म्हणून सांगू लागल्या.

ही चित्रं म्हणजे खरं तर एक फॉन्ट होता. अक्षरांच्या जागी घंटा, कुलूप, उशी, चष्मा. नाट्यगृहात खुर्च्यांना नंबर असतात तसा प्रत्येक चित्राला एक नंबर. ॲप फक्त नंबर सांगतं आणि त्या खुर्चीवर जो कोणी बसला असेल तो पडद्यावर येतो. तिथे कोण बसलंय याची ॲपला ना खबर ना फिकीर.

त्या सकाळी वहिनीने एक खुर्ची रिकामी केली. फॅक्स मशीनचं चित्र होतं ते. ताईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ॲपची पहिली आवृत्ती लिहिली, तेव्हा कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या हट्टापायी घातलेलं. त्यानंतर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आज बरीच पाळणाघरं चालवणाऱ्या एका मोठ्या संस्थेची माणसं डेमोला येणार होती आणि ताईंनी सगळं घासूनपुसून ठेवायला सांगितलं होतं. वहिनीने फॅक्स काढला, फॉन्ट नव्याने बांधला, एक खोटं मूल तयार करून त्याच्यापुढे सगळी चित्रं लावून पाहिली. बिनचूक. मग ते सर्व्हरवर चढवलं आणि कॉफी घ्यायला उठली.

दुपारच्या जेवणाच्या थोडं आधी भोंग्याचा फोन वाजला. दोन मिनिटं तो हं हं करत राहिला, मग फोन छातीशी धरून हसायला लागला.

"वहिनी, एका पाळणाघरातून फोन आहे. म्हणतात, आमच्या चष्मेवाल्या पोरापुढे छत्री आलीय. बाहेर ऊन पडलंय, छत्री कशाला?"

"टॅब्लेट बंद करून चालू करायला सांग."

"सांगितलं. तरी छत्रीच. आणि झोपाळू मुलगी आहे ना एक, तिच्या उशीच्या जागी..." त्याने पुन्हा फोन कानाला लावला. "काय म्हणालात बाई? शेंगदाण्यावर फुली. हां, तिला चालतात म्हणे शेंगदाणे, काल तर मूठभर खाल्ले."

वहिनीने कप बाजूला सारला आणि फॉन्टची यादी उघडली.

उशीच्या पुढची खुर्ची फुली मारलेल्या शेंगदाण्याची. चष्म्याच्या पुढची छत्रीची. प्रत्येक जण एक खुर्ची मागे सरकला होता. फॅक्स उठला आणि फॉन्ट बांधणाऱ्या अवजाराने, सांगितलं नसताना, रांग बुजवून टाकली होती. ॲपमधल्या घंटा-कुलपाच्या बटणांना त्याचा त्रास नव्हता, ती आपापलं चित्र नावाने शोधून घेत. पण मुलांच्या नोंदींत चित्राचं नाव नव्हतं, नुसता नंबर होता. ही ताईंची जुनी सोय. आणि वहिनीचं ते खोटं मूल आज सकाळी जन्माला आलं होतं, त्याच्यापुढे सगळं नव्या नंबरांनी बसलं होतं. ते बिनचूक नसतं तर नवल.

मग तिला पुढचं सुचलं. फुली मारलेल्या शेंगदाण्याच्या पुढच्या खुर्चीवर कोण आहे?

हसरा चेहरा. सगळं खातो, दोनदा वाढा.

गोटू, तिचा मुलगा, इथून चार गल्ल्या पलीकडच्या पाळणाघरात होता. तिथेही भिंतीवर हाच टॅब्लेट. मागच्या वर्षी शेंगदाण्याचं एक बिस्किट अर्धं खाऊन त्याचे ओठ, मग डोळे, मग गळा सुजत गेला होता आणि दवाखान्याच्या दारापर्यंत ती त्याच्या छातीला कान लावून पळाली होती. तेव्हापासून त्याच्या फोटोखाली ती फुली होती. तिनेच लावलेली. आणि आज सकाळी त्याला सोडताना दारात एक अनोळखी बाई उभ्या होत्या. "नेहमीच्या बाईंच्या मुलाला बरं नाही. मी बदलीवर. काळजी नको, सगळं त्या पाटीवर दिसतं मला," असं त्या टॅब्लेटकडे बोट दाखवून म्हणाल्या होत्या.

तिने पाळणाघराला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. जेवणाच्या वेळी तो फोन बाहेरच्या खोलीत टेबलावर पडलेला असतो आणि आत चमचे वाजत असतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

"वहिनी, काय झालं?" भोंगा म्हणाला. हसू कधीच मावळलं होतं.

"फोन लावत राहा. गोटूच्या तिथे. मग बाकीच्यांना, जितक्यांना जमेल तितक्यांना. चित्रांवर जाऊ नका म्हणून सांग."

ती काचेच्या खोलीशी गेली. आत ताई उभ्या होत्या, पडद्यावर ॲप, समोर तीन पाहुणे, त्यांतल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई मान हलवून काहीतरी लिहून घेत होत्या. वहिनीने काचेवर टकटक केली. ताईंनी हसतच पाहुण्यांची माफी मागितली, बाहेर आल्या, दार लावलं आणि हसू पुसून टाकलं.

"अगं, घराला आग लागलीय का?"

"लागलीय असंच समजा." तिने दोन वाक्यांत सांगितलं. ताईंना तिसऱ्याची गरज नव्हती. तो फॉन्ट त्यांच्या बोटांखालून गेलेला होता.

"गोटू?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"फोन उचलत नाहीत."

"मग मागे घे ना! सकाळचा फॉन्ट काढ, कालचा लाव. एका मिनिटाचं काम. गोटूची फुली जागेवर येईल."

"गोटूची येईल. पण सकाळपासून ज्या नोंदी नव्याने भरल्या गेल्यात त्या नव्या नंबरांनी भरल्यात. कालचा फॉन्ट लावला की त्या बिघडतील. ज्या मुलापुढे आज फुली लावली असेल, त्याच्यापुढे उशी येईल."

"किती असतील अशा? चार-दोन?"

"माहीत नाही."

"नोंदीवर वेळ असते. बघ आणि सरळ कर."

"ताई, जुनी नोंद कोणी नुसती उघडून बंद केली तरी वेळ आजची पडते. चित्र मात्र कालचं. एकेक डोळ्यांनी बघावी लागेल. जेवणं आत्ता आहेत."

ताईंनी काचेतून आत पाहिलं. पाहुण्यांपैकी एक जण घड्याळ बघत होता.

"मग तुझं काय म्हणणं?"

"फॉन्टचं नावच बिघडवते. कोणालाच चित्र दिसणार नाही. सगळीकडे कोरे चौकोन. चुकीचं चित्र बघून बाई वाढतील, चौकोन बघून थांबतील."

"सगळीकडे म्हणजे माझ्या या पडद्यावर पण."

"हो."

"आत्ता. या माणसांसमोर."

"हो."

ताईंचा आवाज खाली आला. ओरडण्यापेक्षा तो वाईट, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "हे बघ. ही माणसं आज हो म्हणाली तर आपण तरलो. नाही म्हणाली तर भोंग्यापासून सगळ्यांना नारळ. तू कालचा फॉन्ट लाव आणि पळत जा गोटूकडे. बाकीच्यांना भोंगा फोन करतोय. माझा भाचा आहे तो, मला काय त्याची पर्वा नाही?"

"तुमचा भाचा वाचेल हो ताई. मी दुसऱ्या कोणाच्या तरी भाच्याचं म्हणतेय."

"अंदाजाने? नसेलही एखादा!"

"असेलही."

आतून कोणीतरी खुर्ची सरकवली. ताईंनी दाराच्या मुठीवर हात ठेवला. "कालचा लाव," त्या म्हणाल्या. "मी सांगतेय." आणि चेहऱ्यावर हसू चढवून आत गेल्या.

वहिनी जागेवर आली. बसली नाही. कालचा फॉन्ट परत आणायची आज्ञा टाईप केली आणि बोट बटणावर नेलं. दाबलं की गोटूपुढे फुली. एवढंच हवं होतं तिला, दुसरं काही नको होतं, जगातल्या सगळ्या चित्रांची उलथापालथ झाली तरी चाललं असतं. पलीकडे भोंगा ओरडत होता, "हॅलो! उचला हो कोणीतरी!" तिच्या टाचा जमिनीवर टेकत नव्हत्या.

तिने टाईप केलेलं खोडलं. मग ती एक ओळ उघडली, जिथे फॉन्टचं नाव होतं, आणि त्या नावाला मागे एक शून्य जोडून दिलं. या नावाचा फॉन्ट कुठेच नव्हता. जतन केलं. लॅपटॉप मिटून काखेत मारला आणि निघाली.

काचेच्या खोलीवरून जाताना तिने मान वळवली नाही. पण ताईंचा आवाज वाक्याच्या मध्येच अडला, तो ऐकू आला.

लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती, ती जिन्याने उतरली. टॅब्लेट दर काही मिनिटांनी स्वतःच पान ताजं करतात. काही मिनिटं म्हणजे किती बिस्किटं? रस्त्यावर फूटपाथ खणून ठेवला होता आणि दोन माणसं एक भली मोठी काच आडवी धरून चालली होती, पुढचा म्हणत होता "डावीकडे," मागचा म्हणत होता "कोणाच्या डावीकडे?" ती त्यांच्या खालून वाकून गेली. सिग्नलच्या खांबावर चालणाऱ्या माणसाचं हिरवं चित्र लागलं आणि ती तरीही क्षणभर थबकली. ते चित्र खरं आहे कशावरून? मागून कोणीतरी धक्का दिला तेव्हा तिने रस्ता ओलांडला. फोन कानाशी होता. वाजत होता, वाजत होता.

पाळणाघराच्या दारातच कलकलाट ऐकू आला. हसण्याचा नव्हता, रडण्याचाही नव्हता. भुकेल्या मुलांनी ताटं आपटण्याचा होता.

आत बुटक्या टेबलांभोवती मुलं बसलेली, पुढे रिकामी ताटं. बदलीवरच्या बाई भिंतीशी उभ्या राहून टॅब्लेटला बोटाने टोचत होत्या. पडद्यावर मुलांचे हसरे फोटो आणि प्रत्येकाखाली कोऱ्या चौकोनांची रांग.

वहिनीने आधी गोटू शोधला. खिडकीजवळ. चमच्याने टेबल बडवत होता. ओठ नेहमीसारखे. तिने तरी जाऊन त्याची हनुवटी वर केली, गळा पाहिला, श्वास ऐकला.

"तू का आलीस?" गोटू म्हणाला. "अजून झोप पण नाही झाली."

"काही खाल्लंस का?"

"काहीच दिलं नाही! सूप खाली सांडलं आणि मग सगळं बंद!"

"अहो बाई, तुम्ही त्या कंपनीतल्या ना?" बदलीवरच्या बाई तिच्याकडे वळल्या. "सकाळी सांगितलंत तुम्ही. मग हे काय लावलंय? घटकाभर आधी नीट चित्रं होती. सूप सांडलं ते पुसून वर बघते तर ह्या चाळीच्या खिडक्या! कोणाला काय वाढू? मुख्य बाई बाहेर गेल्यात. उद्या काही झालं तर शिमगा माझ्याच नावाने होणार, निस्तरणार कोण, तुम्ही?"

"बरं केलंत थांबलात मावशी."

"थांबते कसली, अडकले!" बाई म्हणाल्या. "तुमच्या पोरापुढे तर हसरं तोंड होतं. मी म्हटलं, बरं झालं, एक तरी गुणी आहे, काहीही खाणारा. दोन बिस्किटं बाजूला काढली होती त्याला."

उंच फळीवर बिस्किटांचं ताट होतं. वरून शेंगदाण्याचे तुकडे दिसत होते. वहिनीने ते उचललं, बाहेरच्या खोलीत नेलं, कपाटात ठेवलं आणि कपाटाला किल्ली लावली. मग किल्ली खिशात घातली. मग खिसा चाचपून पाहिला.

"साधा भात आहे?"

"आहे. उकडलेले बटाटे आहेत."

"तेच द्या सगळ्यांना. आज दुसरं काही नको."

भातावरून बरीच आरडाओरड झाली. गोटूने बिस्किटाचं नाव काढलं, ते पाहून बाकीच्यांनीही काढलं. गोटूच्या शेजारी एक मुलगी मात्र गप्प होती. पाठीवरची बॅग तिने काढलीच नव्हती, खुर्चीच्या टोकाला बसली होती, पाय लाल बुटांत अधांतरी.

"ही?" वहिनीने विचारलं.

"आजच आली, जरा उशिराने. आजोबा सोडून गेले तिचे, दारात चार वेळा मागे वळून बघितलं त्यांनी. मीच भरली हिची माहिती. हिलाही ते शेंगदाण्याचं आहे, तुमच्या पोरासारखं. फुलीवाला शेंगदाणा मीच दाबला की सकाळी." बाईंनी टॅब्लेटकडे वैतागून पाहिलं. "आता बघा, सगळे सारखेच."

वहिनी एका बुटक्या खुर्चीवर बसली. गुडघे हनुवटीला लागले. तिने काही वेळ त्या मुलीच्या लाल बुटांकडे पाहिलं. कालचा फॉन्ट लावला असता तर हिच्यापुढे उशी आली असती. बाईंनी म्हटलं असतं, ही झोपणारी दिसते, घे बाळ बिस्किट.

"तू कोणाची आई?" मुलीने विचारलं.

"याची."

"मग माझ्याकडे का बघतेस?"

कोपऱ्यात मुलांची चित्रं चिकटवायची कागदी पट्टी होती. तिने दोन तुकडे फाडले, पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, शेंगदाणा नाही, आणि एक गोटूच्या पाठीवर चिकटवला. दुसरा घेऊन ती मुलीकडे वळली. "बॅग काढतेस का जरा?"

"नाही."

"बरं. बॅगेवर लावते."

मग तिने लॅपटॉप मांडीवर उघडला आणि नोंदी बघायला लागली. एकेक पाळणाघर, एकेक मूल. नव्याने भरलेली कोणती, नुसती उघडून बंद केलेली कोणती. मुलांनी भात संपवला, हात धुतले, सतरंज्या पसरल्या गेल्या, पडदे ओढले गेले. ती तशीच बसून होती. मध्येच उठून सतरंज्यांमधून फिरून यायची, गोटूच्या नाकाशी हात धरायची, मग त्या मुलीच्या. ती बॅगेसकट झोपली होती.

ताईंचा फोन आला तेव्हा ती बाहेरच्या खोलीत गेली.

"गोटू?"

"ठीक आहे. भात खाल्ला. रागावलाय."

"मी पण," ताई म्हणाल्या. मागे भोंग्याचा आवाज अजून चालूच होता. "मी त्यांना सांगितलं, नेटवर्कचा घोळ आहे. म्हणाले, असेल, होतं असं. सगळं निभावलं होतं मी. तेवढ्यात भिंतीपलीकडून हा आपला भोंगा: चित्रं बघू नका बाई, पोरगं मरेल! एकदा नाही, दर फोनला एकदा. पांढऱ्या केसांच्या बाईंनी पेन खाली ठेवलं."

वहिनीला हसू आलं आणि तिने ते दाबलं. "मग?"

"मग काय. विचार करून कळवतो म्हणाले. म्हणजे काय ते तुलाही माहीत आहे. जाताना त्या बाईंनी विचारलं, मूल ठीक आहे ना. कुठलं मूल ते काही बोलल्या नाहीत." ताईंनी श्वास घेतला. "मी तुला कालचा लाव म्हटलं होतं."

"हो."

"गोटू ठीकच राहिला असता."

"गोटू राहिला असता. ताई, इथे एक मुलगी आहे. तिचा आज पहिला दिवस. तिची फुली सकाळी लागलीय."

पलीकडे ताईंनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"किती राहिल्यात नोंदी?" ताईंनी विचारलं.

"निम्म्या."

"मला अर्ध्या पाठव त्यातल्या. ते नंबर माझ्या बोटांना अजून पाठ आहेत." मग जरा थांबून, "आणि फॅक्सच्या जागी काय ठेवणार आहेस?"

"काहीच नाही. पण जागा राहू दे. कोणी सरकायचं नाही."

"आणि नंबरांऐवजी नावं?"

"ती उद्यापासून."

"उद्या ऑफिस असेल तर," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. घरी रात्रीच्या जेवणाला या दोघींना एकाच टेबलाशी बसायचं होतं.

मुलं उठायच्या सुमारास काम झालं. तिने फॅक्सची खुर्ची रिकामी ठेवून, बाकी सगळे जुन्या नंबरांवर बसवून फॉन्ट पुन्हा बांधला, नावामागचं शून्य खोडलं आणि भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. पान ताजं झालं. चौकोनांच्या जागी उशा आल्या, चष्मे आले, छत्र्या आल्या. गोटूखाली फुली. लाल बुटांच्या मुलीखाली फुली. तिने पडदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, मग पुन्हा पहिल्यापासून.

"आलं की हो!" बदलीवरच्या बाई म्हणाल्या. "आता काढा त्यांच्या पट्ट्या."

वहिनीचा हात गोटूच्या पाठीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"राहू द्या मावशी, आजच्या दिवस."

घरी जाताना तिने गोटूला पुढे चालायला लावलं. फूटपाथवरच्या खड्ड्याशी, सिग्नलशी, प्रत्येक वळणावर तिची नजर त्या पट्टीवर जात होती. एक टोक सुटत आलं होतं. ती दर थोड्या वेळाने पुढे होऊन ते अंगठ्याने दाबत होती.

"आई, मला गुदगुल्या होतात," गोटू म्हणाला.

"होऊ देत," ती म्हणाली. "चल पुढे."